ऑफिसातले कपडे, नजरा आणि नियम: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पुणे आणि पिंपरी-चिंचवडमधल्या काही कंपन्यांच्या अंतर्गत समित्यांवर, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या समित्यांवर, बाह्य सदस्य (कंपनीबाहेरची सदस्य) म्हणून काम करते आणि लैंगिक छळविरोधी कायद्यावर प्रशिक्षणं घेते. सत्राच्या शेवटी ‘काही शंका?’ असं विचारलं की हॉल गप्प असतो. मग चहाच्या वेळी एकेक जण जवळ येतो, आवाज खाली आणतो आणि विचारतो. त्यातले निम्मे प्रश्न कपड्यांबद्दल असतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही ऐकायला अप्रिय आहेत, पण विचारणारे मनापासून विचारतात, म्हणून तेही घेतले आहेत.

कंपनी ड्रेस कोड लावू शकते का?

हो. बँक, रुग्णालय, शाळा, कारखाना, आयटी कंपनी, सगळ्यांना कामाच्या वेळेतल्या पोशाखाचे नियम करता येतात. ते नेमणूकपत्रातून, कंपनीच्या धोरणातून किंवा कारखान्याच्या स्थायी आदेशांतून येतात. त्यामुळे ‘माझे कपडे, माझी मर्जी’ हे ऑफिसच्या दारापर्यंत जसंच्या तसं लागू होतं, आत गेल्यावर थोडं आवरतं घ्यावं लागतं. मात्र नियम करता येतो म्हणून कुठलाही नियम योग्य ठरत नाही.

मग योग्य नियम कोणता, हे कसं ओळखायचं?

एकच विचारायचं: हा नियम कामासाठी आहे की कुणाच्या तरी नजरेसाठी?

भोसरीच्या एका कारखान्यात मी एकाच भिंतीवर दोन सूचना पाहिल्या. पहिली सुरक्षा विभागाची. यंत्राजवळ ओढणी, सैल बाह्या, बांगड्या, अंगठी, मोकळे केस, गळ्यात लोंबणारं ओळखपत्र चालणार नाही. स्त्री असो वा पुरुष. लेथ यंत्राच्या फिरत्या पकडीत (चकमध्ये) ओढणीचं टोक अडकलं तर माणूस क्षणात आत ओढला जातो. ड्रिल मशीनवर हातमोज्यांनाही बंदी असते ती याच कारणाने. या सूचनेवर वाद घालायला जागाच नाही.

दुसरी सूचना प्रशासन विभागाची. ‘महिला कर्मचाऱ्यांनी ओढणी घेणे बंधनकारक. तंग कपडे, लेगिंग व भडक लिपस्टिक टाळून शालीनता राखावी.’ पुरुषांसाठी एक ओळही नव्हती. तिथल्या गुणवत्ता विभागातल्या एका मुलीला दिवसातून कितीतरी वेळा ऑफिस आणि शॉप फ्लोअर अशी ये-जा करावी लागायची. दाराच्या या बाजूला ती ओढणी काढून खुंटीला अडकवायची, परत येताना आठवणीने घ्यायची. विसरली तर बोलणी खायची. पहिली सूचना तिचा जीव वाचवत होती. दुसरी कुणाचा काय वाचवत होती, हे मी तिथल्या व्यवस्थापकांना विचारलं, तेव्हा उत्तर आलं, ‘मॅडम, मुलं डिस्टर्ब होतात.’

हे उत्तर मला जागोजागी मिळतं, आणि अडचण नेमकी तिथेच आहे. नियम स्त्रीवर आणि कारण पुरुषाच्या मनात, अशी रचना झाली की उद्या काही घडलं तर जबाबदारी आधीच कुणाच्या गळ्यात पडते ते ठरून जातं. ‘तिने ओढणी घेतली नव्हती’ हा बचाव त्या नोटीस बोर्डावर तयार करून ठेवलेला असतो.

चांगला नियम थोडक्यात असतो आणि सगळ्यांना सारखा लागू होतो. स्वच्छ, नीटनेटके, कामाला साजेसे कपडे. ग्राहकांसमोर जाताना औपचारिक पोशाख. सुरक्षिततेची साधनं बंधनकारक. एवढ्यात बहुतेक ऑफिसांचं भागतं.

सरकारी कार्यालयांत आणि शाळांत काय नियम आहे?

राज्य सरकारने डिसेंबर २०२० मध्ये परिपत्रक काढून मंत्रालय आणि इतर कार्यालयांतल्या कर्मचाऱ्यांसाठी पोशाखाच्या सूचना दिल्या. महिलांनी साडी, सलवार किंवा चुडीदार कुर्ता, ट्राउझर आणि त्यावर कुर्ता किंवा शर्ट, गरज असल्यास ओढणी, पुरुषांनी शर्ट-पॅन्ट, आठवड्यातून एक दिवस, शुक्रवारी, खादी. जीन्स, टी-शर्ट आणि स्लिपरना नकार होता. मार्च २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाने शिक्षकांसाठी असाच आदेश काढला.

यातली चांगली बाजू अशी की दोन्हींत पुरुषांनाही नियम आहेत. खटकतं ते शिक्षिकांसाठी घातलेलं ओढणीचं बंधन. पहिलीच्या वर्गात जमिनीवर बसून मुलांना गिरवायला शिकवणाऱ्या बाईंना पदर आणि ओढणी सावरण्यात किती वेळ घालवावा लागतो, हे आदेश लिहिणाऱ्यांनी एकदा वर्गात बसून पाहावं.

तिचे कपडे तसे होते, हा बचाव चालतो का?

नाही. हे मी प्रत्येक सत्रात सावकाश सांगते, कारण सगळ्यात जास्त गैरसमज इथे आहे.

२०१३ चा कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणारा कायदा पाच प्रकारचं वर्तन सांगतो: शारीरिक स्पर्श वा लगट, शरीरसंबंधाची मागणी वा विनंती, लैंगिक अर्थाचे शेरे, अश्लील चित्रं वा चित्रफिती दाखवणं, आणि लैंगिक स्वरूपाचं इतर कुठलंही वर्तन, मग ते शरीराने, बोलण्यातून किंवा हावभावांतून असो. या सगळ्याला एकच अट आहे: ते समोरच्या स्त्रीला नकोसं असलं पाहिजे. व्याख्येत तिच्या पोशाखाचा उल्लेख कुठेही नाही. समितीने पाहायचं ते प्रतिवादीने, म्हणजे ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याने, काय केलं.

न्यायालयंही इथे एका दिवसात पोहोचली नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये केरळातल्या कोळिकोडच्या सत्र न्यायालयाने एका लैंगिक छळाच्या प्रकरणात आरोपीला जामीन देताना लिहिलं होतं की तक्रारदाराचे कपडेच उत्तेजक होते, त्यामुळे लैंगिक छळाचं कलम सकृद्दर्शनी लागू होत नाही. देशभर संताप उसळला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केरळ उच्च न्यायालयाने तो शेरा आदेशातून काढून टाकला. खरं तर त्याच्या दीड वर्ष आधी, मार्च २०२१ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने अपर्णा भट यांच्या याचिकेवर निकाल देताना बजावलं होतं की स्त्रीचे कपडे, वागणूक किंवा तिचं पूर्वायुष्य यांची चर्चा जामिनाच्या आदेशात येता कामा नये. पुढे ऑगस्ट २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने न्यायाधीश आणि वकिलांसाठी एक मार्गदर्शिका काढली. स्त्रीचा पोशाख म्हणजे तिला स्पर्श करण्याचं आमंत्रण नव्हे, हे त्यात स्पष्ट शब्दांत आहे.

तरीही समितीच्या बैठकीत हा प्रश्न दुसऱ्या दाराने येतोच. ‘त्या दिवशी ऑफिसात काही कार्यक्रम होता का?’ ‘तुम्ही नेहमी असेच कपडे घालता का?’ ‘साडी कशी होती, साधी की पार्टीवेअर?’ विचारणारे सदस्य दुष्ट नसतात. आपण संदर्भ समजून घेतोय असं त्यांना वाटत असतं. पण समोर बसलेल्या बाईच्या चेहऱ्यावरून कळतं की आता आपलीच चौकशी सुरू झाली. बाह्य सदस्याने त्याच क्षणी प्रश्न थांबवायला हवा, आणि तो थांबवल्याची नोंद इतिवृत्तात घ्यायला हवी.

आणि समितीसमोर आलेल्या माझ्या अनुभवातली एक गोष्ट सांगते. तक्रारी घेऊन येणाऱ्या बायकांमध्ये सुती सलवार-कमीज आणि पिन लावलेली ओढणी असलेल्या असतात, नववारी नेसून झाडू मारणाऱ्या असतात, अंगभर एप्रन घातलेल्या कॅन्टीनमधल्या असतात, बुरख्यातल्याही असतात.

मग साधं कौतुकही करायचं नाही का?

करा. ‘साडीचा रंग छान आहे’, ‘नवा चष्मा शोभतो’ असं म्हणण्याने कुणावर कारवाई झालेली मी पाहिली नाही. भाव, शब्द आणि नातं, तिन्ही पाहावं लागतं.

साडीबद्दल बोलणं आणि साडीतल्या बाईच्या अंगाबद्दल बोलणं यांत फरक आहे, आणि तो बोलणाऱ्यालाही माहीत असतो. ‘आज एकदम फटाका’, ‘कुणावर वीज पाडायचीय?’, ‘अशा येत जा ना रोज’, ‘फिगर छान ठेवलीय हं’ ही वाक्यं कौतुक म्हणून म्हटली जातात, पण ती ऐकल्यावर बाई दुसऱ्या दिवशी कपाटासमोर उभी राहून विचार करते. मी स्वतः वापरते ती कसोटी सांगते: हेच वाक्य तुम्ही तुमच्या साहेबांना, सगळ्यांसमोर, त्याच सुरात म्हणाल का?

न्यायालयांनी रेषा कुठे ओढली, ते तीन प्रकरणांवरून कळेल. २०२३ मध्ये मुंबईच्या सत्र न्यायालयाने, सहकारी महिलेला ‘फिगर छान आहे’ म्हणत बाहेर येण्याबद्दल विचारत राहणाऱ्या दोघांचा अटकपूर्व जामीन फेटाळला. जानेवारी २०२५ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने, राज्य वीज मंडळातल्या महिला कर्मचाऱ्याच्या शरीराच्या ठेवणीवर शेरा मारणाऱ्या माणसावरचा खटला रद्द करायला नकार दिला. असा शेरा लैंगिक अर्थाचाच आहे, असं सांगितलं. मार्च २०२५ मध्ये मात्र मुंबई उच्च न्यायालयाने उलट दिशेचा निकाल दिला. एका बँकेच्या प्रशिक्षणात सहकारी महिला केस सारखे सावरत होती. त्यावर एकाने ‘केस सांभाळायला जेसीबी लागत असेल’ अशी टिप्पणी केली आणि केसांवरच्या एका जुन्या हिंदी गाण्याची ओळ म्हटली. समितीने त्याला दोषी धरलं होतं. न्यायालय म्हणालं, आरोप खरे धरले तरी याला लैंगिक छळ म्हणणं कठीण आहे.

शेवटच्या निकालावर मला खूप जण विचारतात, ‘म्हणजे आता चालतं ना?’ कायद्याने छळ ठरत नाही एवढाच त्याचा अर्थ. भर सत्रात सहकारी बाईच्या केसांवर विनोद करणं हे शहाणपणाचं वागणं ठरत नाही, आणि कंपनी आपल्या आचारसंहितेखाली त्याबद्दल समज देऊ शकते.

माझा हेतू वाईट नव्हता, तरी मी दोषी?

हेतू पुराव्यात येतो, पण त्याने सगळं धुऊन निघत नाही. जानेवारी २०२५ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने हेच सांगितलं: करणाऱ्याच्या मनात काय होतं यापेक्षा ते वर्तन समोरच्या स्त्रीला कसं पोहोचलं, ते नकोसं होतं का, हे कायदा पाहतो. आणि स्पर्श झालाच पाहिजे असंही नाही. हे तर सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्येच, वस्त्र निर्यात प्रोत्साहन परिषदेच्या ए. के. चोप्रा प्रकरणात स्पष्ट केलं.

कुणी ‘मला हे आवडलं नाही’ म्हटलं तर माफी मागा आणि थांबा. खरोखर नकळत झालेल्या बहुतेक गोष्टी तिथेच मिटतात. ‘एवढं काय लावून धरायचं’ म्हणत पुढच्या वेळी मुद्दाम तेच केलं, की नकळत झालं असं म्हणायची सोय उरत नाही.

नुसतं बघणं हाही छळ होतो का?

होऊ शकतो. बोलताना चेहऱ्याकडे न बघता खाली बघत राहणं, लिफ्टमध्ये वरपासून खालपर्यंत नजर फिरवणं, जिन्यात मुद्दाम मागे थांबणं. भारतीय न्याय संहितेत कलम ७९ शब्द, आवाज किंवा हावभावाने स्त्रीच्या शीलाचा अवमान करण्याबद्दल आहे आणि कलम ७५ लैंगिक छळाबद्दल. सिद्ध करणं अवघड असतं हे खरं. पण अशी माणसं सहसा एकीकडेच बघत नाहीत. समितीने त्या विभागातल्या इतर स्त्रियांशी बोलून पाहिलं की चित्र बऱ्यापैकी स्पष्ट होतं.

खरं सांगतो, एखादीच्या कपड्यांमुळे माझं लक्ष उडतं. यात माझी चूक काय?

आकर्षण वाटणं ही चूक नाही, गुन्हाही नाही. आठ-दहा तास एकत्र काम करणाऱ्या माणसांमध्ये ते निर्माण होणार. ऑफिसात जुळलेली कितीतरी लग्नं आपल्या आजूबाजूला आहेत. प्रश्न पुढे सुरू होतो. आपल्या मनात जे उठलं ते तिने उठवलं, म्हणून ते आवरण्याची जबाबदारी तिची, असं आपण मानायला लागतो तेव्हा.

अमेरिकेत या विचाराचं टोक गाठलं गेलं. आयोवा राज्यात एका दंतवैद्याने दहा वर्षांहून अधिक काळ उत्तम काम करणाऱ्या आपल्या सहायक महिलेला काढून टाकलं, कारण तिच्याबद्दलचं आकर्षण आपल्या संसाराला धोका आहे असं त्याला आणि त्याच्या पत्नीला वाटलं. तिचे कपडे तंग असतात, अशी तक्रार तो तिच्याकडे करत असे. तिने काहीही वावगं केलं नव्हतं. तरीही आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने, ज्यात तेव्हा सगळे पुरुष न्यायाधीश होते, २०१२ मध्ये आणि फेरसुनावणीनंतर २०१३ मध्ये पुन्हा, तिला काढणं बेकायदा नाही असं ठरवलं. त्याचा मोह, तिची नोकरी गेली. मला हा निकाल अन्यायाचा वाटतो.

आणखी एक लक्षात घ्या. मानसशास्त्रज्ञ अँटोनिया ॲबी यांनी १९८२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्त्री-पुरुषांच्या साध्या गप्पा इतरांना बघायला लावल्या होत्या. बाईचं मनमोकळं बोलणं बघणाऱ्या पुरुषांना, बघणाऱ्या स्त्रियांपेक्षा जास्त ‘सूचक’ वाटलं. नंतरच्या अभ्यासांतही हे वारंवार दिसलं. ‘तिने हसून उत्तर दिलं, म्हणजे तिलाही…’ असं वाटलं तर आपलं वाचन चुकत असण्याची शक्यता धरून चला. विचारायचंच असेल तर एकदा, साधेपणाने, हाताखालच्या माणसाला कधीच नाही. नाही म्हटलं की विषय संपला.

सुंदर दिसण्याचा बायकांना फायदाच होतो ना?

थोडा होतो, आणि पुरुषांनाही होतो. अर्थतज्ज्ञ डॅनियल हॅमरमेश आणि जेफ बिडल यांनी १९९४ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या आकडेवारीवरून दाखवलं की दिसायला डावी मानली जाणारी माणसं सरासरी दिसणाऱ्यांपेक्षा सुमारे ५ ते १० टक्के कमी कमावतात. स्त्रिया आणि पुरुष, दोघांतही.

पण बाई वरच्या पदावर जाऊ लागली की हिशेब फिरतो. १९७९ च्या एका अभ्यासात व्यवस्थापकाच्या जागेसाठी आकर्षक स्त्रीला कमी पसंती मिळाली, तर आकर्षक पुरुषाला जास्त. २००५ मध्ये पीटर ग्लिक आणि सहकाऱ्यांनी एकाच स्त्रीला दोन प्रकारच्या पोशाखांत दाखवलं. ती व्यवस्थापक आहे असं सांगितल्यावर, मादक पोशाखात तिला कमी सक्षम मानलं गेलं. रिसेप्शनिस्ट आहे म्हटल्यावर फरक पडला नाही. म्हणजे रिसेप्शनवर जे चालतं, किंबहुना अपेक्षित असतं, तेच केबिनमध्ये तिच्या विरोधात जातं. आणि बढती मिळाली की कुजबुज होतेच, ‘दिसण्यावर मिळाली’. मी ज्या बायकांशी बोलते त्यांना ही कुजबुज शेऱ्यांपेक्षा जास्त लागते, कारण तिची तक्रार कुणाविरुद्ध करायची तेच कळत नाही.

दिसणं हाच कामाचा भाग असेल तर? रिसेप्शन, शोरूम, विमान कंपनी?

प्रसन्न, टापटीप दिसणं ही अपेक्षा रास्त आहे. आकर्षक दिसणं ही अट होऊ लागली की सावध व्हा.

मुंबईशी नातं असलेलं मोठं प्रकरण म्हणजे नर्गेश मिर्झा आणि एअर इंडिया, १९८१. हवाई सुंदरींना ३५ व्या वर्षी, किंवा नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केल्यास, किंवा पहिल्या गरोदरपणात, जे आधी होईल तेव्हा, निवृत्त व्हावं लागे. तरुण, आकर्षक हवाई सुंदरी अवघड प्रसंग जास्त सफाईने हाताळतात, असाही युक्तिवाद कंपनीच्या बाजूने झाला. सर्वोच्च न्यायालयाने तो निव्वळ अंदाज म्हणून फेटाळला, गरोदरपणाची अट रद्द केली आणि मुदतवाढ व्यवस्थापकीय संचालकाच्या मर्जीवर ठेवणारी तरतूदही. चार वर्षांत लग्न न करण्याची अट मात्र तेव्हा कायम राहिली. त्याच वर्षी अमेरिकेत साउथवेस्ट एअरलाइन्सने, आमची जाहिरातच ‘प्रेमा’ची आहे म्हणून फक्त बायकाच नेमतो, असं म्हटलं होतं. न्यायालयाने सांगितलं, तुमचं काम प्रवाशांना सुरक्षित नेणं आहे, आकर्षण विकणं नाही.

उंच टाचांचं प्रकरणही याच जातीचं. लंडनमध्ये डिसेंबर २०१५ मध्ये निकोला थॉर्प या तरुणीला रिसेप्शनच्या कामावरून घरी पाठवलं, कारण तिने दोन ते चार इंच टाचांचे बूट घालायला नकार दिला. तिच्या याचिकेवर दीड लाखांहून अधिक सह्या झाल्या आणि मार्च २०१७ मध्ये ब्रिटनच्या संसदेत चर्चा झाली. आपल्याकडे लक्ष्मी रोडच्या किंवा दादरच्या साडीच्या दुकानांत दिवसभर उभ्या असणाऱ्या मुलींना टाचा नसतात, पण बसायला स्टूलही बहुतेक ठिकाणी नसतं, आणि लिपस्टिक पुसट झाली तर सुपरवायझर आठवण करून देतो. त्या मेकअपचे पैसे कोण भरतं, असं मी विचारत असते. कंपनीला हवा असेल तर कंपनीने द्यावा.

बाई सहकाऱ्याच टोमणे मारतात, त्याचं काय?

‘ब्लाउजचा गळा जरा जास्तच झाला’, ‘लग्न झालेल्या बाईने असं?’ हे स्त्रियाही म्हणतात. त्यामागे पुष्कळदा स्वतः वर्षानुवर्षं सोसलेला धाक असतो. पण सोसलं म्हणून पुढे ढकलण्याचा हक्क मिळत नाही. २०१३ च्या कायद्यात तक्रारदार स्त्री असावी लागते. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे ती व्यक्ती पुरुषच असावी असं म्हटलेलं नाही. २०२० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने स्त्रीविरुद्ध स्त्रीची तक्रारही चालते असं स्पष्ट केलं.

पुरुषांवरही अन्याय होतो, त्याबद्दल कुणी बोलत नाही.

बोलायलाच हवं. मे महिन्यात नागपुरात टाय बांधून औषधांच्या बॅगा घेऊन फिरणारे मेडिकल रिप्रेझेंटेटिव्ह पाहिले की नियम कुणाच्या सोयीचे असतात ते कळतं. पुरुषाला ‘बायकी’ म्हणणं, त्याच्या कानातल्या बाळीवरून, गुलाबी शर्टवरून, बारीक अंगावरून चिडवणं हा छळच आहे. २०१३ चा कायदा पुरुष तक्रारदाराला दार उघडत नाही. म्हणून कंपनीने स्वतःचं धोरण सर्व लिंगांसाठी करावं. अनेक कंपन्यांनी केलं आहे. उच्च शिक्षणसंस्थांसाठी विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१६ मध्ये अधिसूचित झालेले विनियम मुलग्यांच्या आणि तृतीयपंथी विद्यार्थ्यांच्याही तक्रारी ऐकायला सांगतात.

ट्रान्सजेंडर सहकाऱ्याने कुठला ड्रेस कोड पाळायचा?

तिची किंवा त्याची स्वतःची जी लिंगओळख आहे, तिचा. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) निकालात पोशाखातून, बोलण्यातून, वागण्यातून आपली लिंगओळख व्यक्त करणं हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचा भाग मानला. ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा २०१९ चा कायदा नोकरीत भेदभावाला मनाई करतो आणि आस्थापनेत तक्रार अधिकारी नेमायला सांगतो.

नवरात्रीचे नऊ रंग, पारंपरिक दिवस, पार्टी: तेव्हाही हेच नियम?

तेव्हा तर जास्त. नवरात्रीत आपल्याकडची ऑफिसं खरोखर सुंदर दिसतात. आजचा रंग मोरपंखी, म्हणून शिपाई मावशींपासून व्हाइस प्रेसिडेंटपर्यंत सगळ्या मोरपंखी साड्यांत, जिन्यावर ओळीने फोटो. मला हा दिवस फार आवडतो. पण त्याच फोटोंतून तक्रारीही येतात. ग्रुप फोटोतून एकटीला कापून, मोठं करून, पुरुषांच्या वेगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘आजची विजेती’ म्हणून टाकणं. पाठमोऱ्या साडीचा नकळत काढलेला फोटो. फोटोखाली अंगठ्याच्या आणि आगीच्या इमोजींतून झालेलं मतदान. एका प्रकरणात त्या ग्रुपमधल्याच एका मुलाने स्क्रीनशॉट आणून दिला, तेव्हा बायकांना कळलं.

फोटो विचारून काढा, विचारून पाठवा. ऑफिसबाहेरची पार्टी, सहल, कंपनीची बस, क्लायंटचं ऑफिस, हे सगळं कायद्याच्या दृष्टीने कामाचं ठिकाण आहे. ‘ती पार्टीला तशी आली होती’ हे तिथेही उत्तर नाही.

कुणाच्या कपड्यांबद्दल खरंच सांगायचं असेल तर कसं सांगावं?

आधी नियम लेखी आहे का ते बघा. नसेल तर गप्प राहणं बरं. असेल तर एकांतात, शक्यतो तिच्या वरिष्ठाने किंवा एचआरने, नियमाचा मुद्दा सांगून, एका वाक्यात. ‘क्लायंट मीटिंगला आपण फॉर्मल घालतो, उद्यापासून बघाल का?’ इतकंच. ‘लोक काय म्हणतील’, ‘माझ्या मुलीसारखी म्हणून सांगतो’, ‘तुमच्या सुरक्षिततेसाठी’ हे तिन्ही टाळा. आणि तोच नियम मोडणाऱ्या पुरुषालाही सांगितलाय ना, हे आधी तपासा.

तिने स्टोल गुंडाळला असेल तर तो लाजून नव्हे, थंडीनेही असतो. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी दाखवलं की इमारतींच्या तापमानाचं प्रमाण ठरवताना एका मध्यमवयीन पुरुषाच्या शरीराची उष्णता धरली गेली होती. एसीचं तापमान दोन अंश वाढवलं तर अर्ध्या खुर्च्यांवरच्या शाली घरी जातील.

समितीसमोर जाताना काय घालून जाऊ?

हा प्रश्न मला तक्रारदार बायका फोनवर विचारतात, आणि दर वेळी वाईट वाटतं. रोज ऑफिसला घालता ते घालून या.

लक्ष द्यायचं ते कागदाकडे. शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत लेखी तक्रार द्या. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. तारीख, वेळ, जागा, नेमके शब्द जसेच्या तसे लिहा. शिवराळ असले तरी सौम्य करू नका. त्या वेळी तुम्ही काय घातलं होतं हे लिहायची गरज नाही. मेसेज, स्क्रीनशॉट, साक्षीदारांची नावं जोडा. नियमानुसार तक्रारीच्या सहा प्रती लागतात. चौकशी नव्वद दिवसांत व्हायला हवी. त्या काळात बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही.

दहापेक्षा कमी माणसांचं ऑफिस असेल, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध असेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. घरकाम करणाऱ्या बायकांनाही तिथे जाता येतं. कंपनीत समितीच नसेल तर मालकाला पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. २०२३ मध्ये गोवा विद्यापीठाच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने देशभर या समित्यांची दुरवस्था असल्याबद्दल खेद व्यक्त केला आणि त्या नेमल्या आहेत का, हे तपासायला सांगितलं. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरही तक्रार नोंदवता येते.

बैठकीत कुणी कपड्यांबद्दल विचारलंच, तर ‘हा प्रश्न आणि तो कुणी विचारला, दोन्ही इतिवृत्तात लिहा’ असं सांगा. इतिवृत्ताची प्रत मागून घ्या. शिफारशी मान्य नसतील तर नव्वद दिवसांत अपील करता येतं, आणि तेव्हा तो कागद हाताशी लागतो.